चार लेकरांचा जबाब

गोरक्षनाथाचं पत्र होळीच्या आधी चार दिवस आलं. निळं, पातळ, तीन घड्यांचं विलायती पत्र. पोस्टमननं ते आसाराम ढोकण्याच्या हातात दिलं, आणि आसारामनं न फोडता टोपीत ठेवून मोटेच्या जुन्या विहिरीपर्यंत जाऊन यायचं ते काम आधी उरकलं. वाचायचं तर रंगनाथ गुरुजींकडंच जावं लागणार होतं, आणि गुरुजी चारनंतरच भेटायचे.

राहुरीच्या पुढं, मुळा नदीच्या काठाला हे गाव. साल त्र्याहत्तर. दुष्काळ अजून सरला नव्हता. गावातली निम्मी माणसं सडकेच्या कामावर खडी फोडायला जात होती. आसारामचं रान कालव्याखाली, त्यामुळं त्याचा दीड एकर ऊस कसाबसा उभा होता. "ऊस कसा काय राखला?" असं कोणी विचारलं की आसाराम म्हणायचा, "पानी दिलं." विचारलं तेवढंच सांगायचं, आणि ते खरं सांगायचं, असा त्याचा खाक्या. त्यामुळं गावात त्याचं कोणाशी भांडण नव्हतं आणि फारसं बोलणंही नव्हतं.

त्याचा मुलगा गोरक्षनाथ पुण्याला शिकून डॉक्टर झाला आणि चार वर्षांपूर्वी इंग्लंडात गेला. त्याची बायको विजयमालाही तिकडंच. थोरली बहीण साळूबाई सोनईला दिलेली. घरात आसाराम आणि त्याची बायको रतनबाई, दोघंच.

गुरुजींनी पत्र आधी मनात वाचलं, मग मोठ्यानं. विजयमालाला दिवस गेले होते. श्रावणात बाळंत होणार होती. तिकडं करायला कोणी नाही, तेव्हा आई-नानांनी यावं, आणि जमलं तर कायमचंच यावं. पण तिथल्या सरकारनं एक जानेवारीपासून नवे कायदे लावले आहेत. आता कागद लागतो. लोक त्याला व्हिसा म्हणतात, पण आपल्यासारख्यांना मिळतो तो प्रवेशाचा दाखला. कोणाला कोणत्या नात्यानं येता येतं, ते सगळं त्यानं खाली बारीक अक्षरात लिहिलं होतं.

"बस नीट," गुरुजी म्हणाले. त्यांनी चष्मा पुसला. पस्तीस वर्षं शाळेत काढल्यानं कोणताही मजकूर ते शिकवल्यासारखा वाचायचे. "पहिला प्रकार, नोकरीसाठी जाणारे. तिथल्या मालकानं परवाना काढून दिला पाहिजे."

"न्हाई," आसाराम म्हणाला.

"शिकायला जाणारे."

"न्हाई."

"तिथल्या माणसाशी लग्न करायला जाणारे."

"त्यांचं झालंय," बरोबर आलेली रतनबाई दाराआडून म्हणाली.

गुरुजींनी बोट खाली सरकवलं. "हा बघ आपला. मुलाच्या आधारानं कायम राहायला जाणारे आईबाप. अट अशी, की दोघं बरोबर जात असतील तर एकाचं तरी वय पासष्ट पाहिजे. तुझं किती?"

"तुमच्याच साळंच्या रजिष्टरात हाय."

ते रजिस्टर गुरुजींना तोंडपाठ होतं. आसारामची जन्मतारीख त्यात एक जून एकोणीसशे अकरा होती. त्याच्या वर्गातली एकोणीसच्या एकोणीस पोरं एक जूनलाच जन्मली होती, कारण त्या वेळच्या मास्तरांना ती तारीख सोयीची वाटायची. खरं वय दोन-तीन वर्षांनी जास्त असणार हे सगळ्यांना ठाऊक होतं, पण सरकारला एक जूनच ठाऊक होता.

"म्हणजे बासष्टही पुरी नाहीत," गुरुजी म्हणाले. "नाही बसत. पुढं लिहिलंय, आई विधवा असली तर तिला वयाची अट नाही."

रतनबाई आता दारात आली. "म्हंजे ह्ये नसते तर मला जाता आलं असतं. हायेत म्हनून दोगांनाबी न्हाई."

गुरुजींनी ती ओळ पुन्हा वाचली. "होय. तसंच लिहिलंय."

"तीन वरसं थांबलं म्हंजे झालं," आसाराम म्हणाला. "एक तर पासष्ट भरतीन, न्हाईतर मी नसन. कसंबी जमतंय."

"आन पोर श्रावनात बाळंत व्हनार," रतनबाई म्हणाली.

तेव्हा उरला शेवटचा प्रकार, भेटीला जाणारे. जास्तीत जास्त सहा महिने. खर्चाची सोय मुलानं करावी, तिथं नोकरी करू नये, आणि मुदत संपली की परत यावं. परत येणार याची खात्री दाखला देणाऱ्या साहेबाला पटली पाहिजे. गोरक्षनाथानं लिहिलं होतं, की भेटीला येणाऱ्यांना दाखल्यावाचूनही विमानात बसता येतं, पण तिकडच्या विमानतळावरच्या माणसाला शंका आली तर तो आल्या पावली परत धाडतो. म्हणून मुंबईच्या कचेरीतूनच दाखला घेऊन यावं.

"जायचं का?" गुरुजींनी विचारलं.

आसारामनं रतनबाईकडं बघितलं. ती त्याच्याकडं बघत नव्हती, पत्राकडं बघत होती. वाचता येत नसताना ती त्या पत्राकडं अशी बघत होती, की आसारामनं "जाऊ" म्हटलं.

पासपोर्टाला फोटो लागले. रतनबाईनं आयुष्यात पहिल्यांदा फोटो काढला, राहुरीला, डोक्यावरचा पदर कानामागं घेऊन. फोटोग्राफरनं हसा म्हटल्यावर ती म्हणाली, "कशापायी?" तो फोटो तसाच पासपोर्टावर लागला.

मुंबईच्या कचेरीची तारीख वैशाखात आली. दोघं एस.टी.नं पुण्याला, तिथून गाडीनं मुंबईला गेले आणि गोरक्षनाथाच्या मित्राकडं परळला उतरले. सकाळी दहाला कचेरीत बाकावर जाऊन बसले. आत पंखे होते आणि बोलणं नव्हतं. आसारामला वाटलं होतं, दोघांना एकत्र बोलावतील. पण आधी रतनबाईला नेलं. ती अर्ध्या तासानं बाहेर आली आणि दुसऱ्या बाकावर बसवली गेली. मग आसारामला नेलं. दोघांची नुसती नजरानजर झाली.

आत टेबलामागं एक गोरा साहेब, पंचविशीतिशीचा, उन्हानं नाक सोललेला. शेजारी दुभाषी, चापूनचोपून भांग पाडलेला मुंबईकर. साहेब विचारायचा, दुभाषी मराठीत सांगायचा. साहेबाचा आवाज मऊ होता.

घर कोणत्या तोंडाचं? पूर्वेच्या. खोल्या किती? दोन आणि पडवी. विहीर कोणत्या अंगाला? एक मागं, एक रानात. बैल किती? दोन. त्यांची नावं? आसारामनं बैलांची नावं सांगितली आणि साहेबानं ती लिहून घेतली.

"इंग्लंडहून परत कशासाठी येणार?"

"ऊस तोडायचा हाय."

दुभाष्यानं ते सांगितलं. साहेबानं मान हलवली. त्याला ते पटलेलं दिसलं.

"मुलं किती?"

"दोन," आसाराम म्हणाला. "गोरक्षनाथ आन साळूबाई."

साहेबानं समोरच्या कागदावर पेन्सिल टेकवली आणि काहीतरी म्हणाला. दुभाषी म्हणाला, "तुमच्या पत्नीने चार सांगितली आहेत."

आसारामनं त्या कागदाकडं बघितलं. तीस वर्षांत हा आकडा त्याच्या कानावर आला नव्हता. रतनबाईच्या तोंडून तर नव्हताच.

"चार की दोन?"

"चार," तो म्हणाला.

"मग बाकीची दोन कुठे आहेत?"

गावात कोणालाही विचारलं असतं तरी उत्तर एकच आलं असतं. लहान लेकरांना जाळत नाहीत, पुरतात. "मुळंच्या काठाला हायेत," आसाराम म्हणाला.

दुभाष्यानं ते साहेबाला सांगितलं. साहेबानं लिहिलं.

"तिथे काय करतात?"

"काय करनार," आसाराम म्हणाला.

"म्हणजे कामधंदा नाही?"

"न्हाई."

"त्यांचा खर्च कोण करतं?"

आसारामनं दुभाष्याकडं बघितलं. दुभाषी चांगल्या घरचा, शिकलेला माणूस दिसत होता. त्याला काय सांगावं, हे आसारामला कळेना. तो त्या मऊ खुर्चीवर पुढं सरकून बसला. "त्येंना खर्च न्हाई," एवढंच म्हणाला.

तेही लिहून घेतलं गेलं.

बाहेर आल्यावर दोघं रस्त्यानं चालू लागले. बस कोणती ते ठाऊक नव्हतं, म्हणून चालतच राहिले.

"चार का सांगितलीस?" बऱ्याच वेळानं आसाराम म्हणाला.

"त्यानं इचारलं, किती झाली. चार झाली." मग थोडं पुढं गेल्यावर, "तुमी?"

"दोन."

 पुण्याची गाडी सुटून कर्जत जाईपर्यंत रतनबाईनं खिडकीकडचं तोंड वळवलं नाही.

महिन्यानं कचेरीचं पत्र आलं. या खेपेला गुरुजीच आसारामच्या घरी आले, पत्र वाचलं आणि चष्मा काढून ठेवला.

"आसाराम, तू तिथं काय सांगितलंस?"

"का?"

"साहेबानं लिहिलंय, की अर्जदारांना मुळा नदीच्या काठी राहणारी, कामधंदा नसलेली आणखी दोन अपत्यं आहेत. ती मुलाच्या अर्जात दाखवलेली नाहीत. त्यांची नावं, वयं आणि कागदपत्रं आणून द्या, नाहीतर दाखल्याचा विचार होणार नाही."

गुरुजींना गावात येऊन वीस वर्षं झाली होती. त्यांना त्या दोघांचं काहीच ठाऊक नव्हतं. रतनबाईनं चुलीपुढून उठून येऊन सांगितलं. थोरला भीमा, सहा वर्षांचा. पटकीची साथ आली त्या साली गेला. सकाळी ढाळ लागले, दिवस मावळताना गेला. तो जायच्या आधी दोन वर्षं एक पोरगी झाली होती. नऊ दिवसांची होऊन गेली.

"नाव काय होतं तिचं?"

"बारसं झालं न्हवतं."

गुरुजी बराच वेळ पत्राच्या कडा सारख्या करत बसले. मग म्हणाले, "भीमाची नोंद असेल. पाटलाकडं जन्ममृत्यूचं बुक असतं, ती जुनी बुकं तहसिलात गेली. शोधू. पण मुलीची नसणार. आपण असं करू, तीनच झाली म्हणून लिहू. म्हातारं माणूस, घाबरून चुकीचं बोलली म्हणावं."

"मी घाबरले न्हाई," रतनबाई म्हणाली. "आन म्हातारी असन, पर मला मोजता येतं."

"अगं, पण कागद कुठून आणायचा?"

"ते तुमी बगा. तीन सांगायची आसतीन तर मला जायचं न्हाई."

विजयमाला श्रावणात बाळंत होणार होती आणि हा ज्येष्ठ चालू होता. गुरुजींनी आसारामकडं बघितलं. आसाराम म्हणाला, "चारच लिवा."

राहुरीच्या कचेरीत तीन खेपा झाल्या. तिसऱ्या खेपेला कारकुनानं पोथीसारखं बांधलेलं एक बुक काढलं. वाळवीनं कडा खाल्लेल्या, पण आतलं अक्षर शाबूत. 'भीमा वल्द आसाराम, वय वर्षे ६, कारण पटकी.' त्याच पानावर त्याच आठवड्यातली आणखी अकरा नावं होती. आसारामला त्यातली सगळी घरं ठाऊक होती. कारकून नक्कल लिहीत होता तोवर आसाराम भिंतीला टेकून उभा राहिला. त्याला बसायला सांगितलं तरी तो बसला नाही.

मुलीसाठी प्रतिज्ञापत्र करायचं ठरलं. आषाढाच्या पहिल्या पावसानंतरच्या सोमवारी तिघं पुन्हा राहुरीला गेले. कचेरीबाहेर लिंबाखाली टायपिस्ट बसायचा. मराठी यंत्र, गुडघ्यावर फळी. त्यानं स्टँपचा कागद चढवला आणि गुरुजी सांगतील तसं ठोकत गेला. आम्ही खाली सह्या करणार, सत्यप्रतिज्ञेवर लिहून देतो की, आम्हांस एकूण अपत्ये चार. पैकी हयात दोन. मयत दोन. पैकी पहिले, भीमा. दुसरे, मुलगी.

"मुलीचं नाव?"

"नाव ठेवलेलं नव्हतं," गुरुजी म्हणाले. "नुसतं 'मुलगी' लिहा."

"नाही चालत. मॅजिस्ट्रेटसाहेब सही करत नाहीत. बिननावाचा माणूस असतो का?" टायपिस्टनं यंत्रावरून हात उचलून गुडघ्यावर ठेवले. मागं आणखी चार जण ताटकळले होते. "काहीतरी सांगा. लवकर."

गुरुजी रतनबाईकडं वळले.  पस्तीस वर्षं ती पोर तिच्या लेखी नुसती 'पोर' होती. नाव काय असावं, हे तिनं कधी मनात आणलं नव्हतं. ते आत्याचं काम, बारशाचं.

"आक्काबाई," आसाराम म्हणाला.

"काय?"

"आक्काबाई. आक्काबाई आसाराम ढोकणे. लिवा."

टायपिस्टनं लिहिलं. सही म्हणून आसारामनं आपलं नाव सावकाश काढलं, रतनबाईनं अंगठा दिला. मॅजिस्ट्रेटसाहेबांनी न वाचता शिक्का मारला.

परतीच्या एस.टी.त जागा मिळाली. गुरुजी पुढं बसले, ही दोघं मागच्या बाकावर. राहुरीचा पूल मागं पडल्यावर रतनबाई म्हणाली, "कवा ठरीवलं हुतं?"

"काय?"

"नाव."

आसाराम पुढच्या बाकाच्या दांड्याला धरून बसला होता. "तवाच. बहिनीला सांगितलं हुतं, बाराव्या दिशी ह्येच घ्यायचं म्हनून. आयचं नाव." गाडी खड्ड्यातून गेली तेव्हा तो थांबला, मग म्हणाला, "मग बारसं न्हाई झालं."

"मला न्हाई सांगितलं."

"तू इचारलं न्हाईस."

रतनबाईनं पदराचं टोक तोंडाशी धरलं. गाव येईपर्यंत ती रडली, आवाज न करता, आणि आसाराम दांडा धरून बसला. उतरताना त्यानं तिच्या हातातली पिशवी आपल्याकडं घेतली. ही गोष्ट गुरुजींच्या लक्षात राहिली, कारण एवढ्या वर्षांत त्यांनी ती कधी पाहिली नव्हती.

मुंबईची दुसरी तारीख आषाढाच्या शेवटी मिळाली. या खेपेला साहेब तोच, दुभाषी दुसरा होता, सातारकडचा एक वयस्कर गृहस्थ. दोघांना एकत्रच आत बोलावलं. साहेबानं भीमाच्या नोंदीची नक्कल पाहिली, तिचं केलेलं इंग्रजी वाचलं. मग प्रतिज्ञापत्राचं वाचलं. त्याचे कान हळूहळू लाल झाले. तो दुभाष्याला काहीतरी म्हणाला.

"साहेब म्हणतात, त्यांना कळलं नव्हतं. ते दिलगीर आहेत," दुभाष्यानं सांगितलं.

"आसू द्या," आसाराम म्हणाला. "मी सांगितलंच तसं."

पण दिलगिरीनं दाखला मिळत नाही. साहेबाला अजून एक शंका होती. एकुलता एक मुलगा तिकडं, त्याच्यामागं आई-बाप दोघंही निघालेले. कचेरीशी झालेल्या आधीच्या पत्रव्यवहारात मुलानं आईबापांना कायमचं आणायचं म्हटलेलं. वयाच्या अटीत बसत नाहीत म्हणून भेटीच्या नावाखाली जाऊन तिकडंच राहणार नाहीत कशावरून? ऊस कोणालाही तोडता येतो. साहेबानं हे सगळं पुन्हा त्याच मऊ आवाजात विचारलं.

आसारामनं ऐकून घेतलं. गेल्या खेपेला राहुरीच्या बाजारातून घेतलेला लोकरी कोट त्याच्या मांडीवर घडी करून ठेवलेला होता. परळच्या मित्रानं म्हटलं होतं, साहेबाला दिसू दे तुमची तयारी.

"दोगं गेलो तर शंका हाय," आसाराम म्हणाला. "एकजन मागं ऱ्हायला तर?"

दुभाष्यानं विचारलं. साहेब म्हणाला, मग प्रश्न वेगळा आहे.

"माझं नाव खोडा. हिला द्या. मी हितं हाय म्हंजे ही येतीया."

रतनबाई एकदम वळली. "आवं, आसं कसं? मी एकटी कशी जाईन?"

"इमान सरळ जातं म्हनत्यात. मधी उतरायचं नसतं."

"तुमाला जायचं न्हवतं का?"

विचारलं तेवढ्याचं उत्तर आसारामनं द्यायला हवं होतं. त्यानं कोटाची घडी दुसऱ्या बाजूनं केली. "कोट घेतलाय की," तो म्हणाला.

साहेब दोघांकडं आळीपाळीनं बघत होता. दुभाष्यानं यातलं काय आणि किती सांगितलं, हे आसारामला कळलं नाही. पण साहेबानं आसारामचा अर्ज बाजूला काढला, आणि रतनबाईच्या पासपोर्टावर, त्या न हसणाऱ्या फोटोच्या पुढच्या पानावर, सहा महिन्यांचा शिक्का उठवला.

श्रावणाच्या दुसऱ्या आठवड्यात सांताक्रूझहून विमान होतं. रतनबाईच्या पिशवीत डिंक, खारीक, बाळंतशेपा आणि एक चिठ्ठी, तिच्यावर गुरुजींनी इंग्रजीत तिचं नाव, मुलाचं नाव आणि 'हिला मराठीशिवाय भाषा येत नाही' असं लिहिलेलं. कोट आसारामनं तिलाच घातला. बाह्या बोटांच्या खाली येत होत्या.

"जेवनाचं काय करचाल?"

"साळू यील म्हनली. न्हाई आली तर येतं मला."

"म्हशीला येरवाळी पानी पाजा."

"व्हय."

आत सोडायचं दार आलं. तिथं त्याला जाता येत नव्हतं. रतनबाई चार पावलं गेली, थांबली, मागं वळून बघितलं, आणि मग पुढच्या बाईच्या मागोमाग गेली. आसाराम काचेला लागून उभा राहिला. तिथल्या शिपायानं दोनदा बाजूला व्हायला सांगितलं. दुसऱ्या वेळी तो बाजूला झाला.

पंधरा दिवसांनी गोरक्षनाथाचं पत्र आलं. आई सुखरूप पोचली. तिकडच्या विमानतळावर साहेबानं तिला एकच विचारलं, किती दिवस राहणार, आणि तिनं सहा बोटं दाखवली. त्याला दिवस वाटले, दुसऱ्या एका हिंदी माणसानं महिने म्हणून समजावलं. विजयमालाला मुलगी झाली. दोघी खुशाल. आईला थंडी सोसते, पण तिथलं दूध पातळ आहे असं तिचं म्हणणं आहे.

गुरुजींनी उत्तर लिहायला घेतलं. "काय लिहू?"

"ऊस बरा हाय म्हनावं. म्हैस बरी हाय."

"तुझं?"

 गुरुजींनी पेनाला टोपण लावलं आणि वाट बघितली. आताशा त्यांना याची सवय झाली होती.

"घर लई मोटं वाटतंय," आसाराम म्हणाला. "पर ते लिवू नका. ती लगी निगंल, आन तिकडं बाळंतीन हाय."

गुरुजींनी ते लिहिलं नाही.

संक्रांतीला आठ दिवस होते तेव्हा रतनबाई आली, मुदतीच्या बरीच आधी. एस.टी.तून उतरली तर पायांत बूट. गावातल्या बायका भोवती जमल्या. विलायत कशी आहे, गोरे कसे राहतात, नात कोणासारखी, दहा प्रश्न. ती सगळ्यांना थोडं थोडं सांगत घरापर्यंत आली. आसाराम पडवीत दावं वळत बसला होता.

"महिना ऱ्हायला हुता की अजून," तो म्हणाला.

"विजयमालाची आई गेली आता तिकडं. तिला विधवा म्हनून लगी सोडलं." रतनबाई उंबऱ्यावर बसून बुटाची गाठ सोडू लागली. गाठ सुटेना. आसारामनं दावं बाजूला ठेवलं, खाली वाकला आणि ती सोडवू लागला.